जुना हौदा, दुसरी चासी: चितेगावच्या अंगणातला हिशेब



या वेळच्या व्हिडिओत मी फळ्यावर ट्रकची एक आकृती काढली होती आणि तिच्यावर भराभर आकडे लिहिले होते. वेळ कमी होता, आकडे जास्त होते. म्हणून तोच धडा इथे सावकाश मांडतो. वही-पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. ट्रकशी तुमचा काही संबंध नसला तरी वाचा, कारण यातला निम्मा हिशेब कोणत्याही फॅब्रिकेशनच्या धंद्याला लागू आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालात की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागतं. एके काळी या गावाचं नाव घेतलं की लोक व्हिडिओकॉन म्हणायचे. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एकाच मोठ्या कारखान्याच्या भरवशावर आयुष्य निघेल, असं आता या रस्त्यावर कुणी छातीठोकपणे सांगत नाही. माझ्या वर्गात आलेला एक मुलगा इथलाच. गेट, ग्रिल, शेतकऱ्यांच्या ट्रॉलीचे फाळके अशी कामं घरासमोरच्या अंगणात करतो. हात चांगला आहे. वेल्डिंगचं मशीन आणि गॅसचा सेट घेताना आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत.

वर्ग संपल्यावर तो थांबला. म्हणाला, "सर, एक मोठं काम आलंय. मामाचंच आहे. मामाच्या जुन्या ट्रकचं इंजिन गेलं, पण हौदा लई कडक आहे. मामानं दुसऱ्या कंपनीची एक चासी घेतलीय, इंजिन-गिअर मस्त, पण तिच्यावर हौदाच नाही. तिचा सडला होता, विकणाऱ्यानं काढून टाकला. आता इकडचा हौदा उचलायचा आणि तिकडं बसवायचा. आठ दिवसांचं काम. मामा पन्नास हजार देणार आहे. हे जमलं की पैठण रोडवर बोर्डच लावतो, 'ट्रक बॉडी बदलून मिळेल'."

मी विचारलं, "अरे, चासीचं आरसी बुक पाहिलंस का? टेप लावलास का? वजन केलंस का?"

तिन्हीचं उत्तर एकच होतं. "सर, डोळ्यानं दिसतंय ना. ट्रकवर ट्रकचाच हौदा बसवायचाय."

पुढच्या रविवारी मी त्याच्या अंगणात गेलो.

गाडीची ओळख चासीत असते

सर्वात आधी कागद. हौदा कितीही मोठा असो, सरकारदरबारी गाडी म्हणजे चासी. नंबर चासीवर ठोकलेला असतो, आरसीत तोच असतो, टॅक्स, परमिट, विमा, फिटनेस सगळं त्यालाच चिकटलेलं असतं. म्हणजे मामांच्या डोक्यात "माझा जुना ट्रक नव्या चासीवर" असं चित्र होतं, पण कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर जुना ट्रक संपला आणि दुसऱ्याच एका गाडीला हौदा बसतोय.

हे कळायला हवं, कारण मामांना कुणीतरी एक 'सोपा' रस्ता सांगितला होता: जुन्या चासीचा नंबर असलेला तुकडा कापून नव्या चासीला जोडायचा आणि जुन्याच कागदांवर गाडी चालवायची. मामा मला सहज सांगत होते, जणू सायकलची घंटा बदलायची आहे. मी म्हणालो, "मामा, हा गुन्हा आहे. आणि पकडलं तर नुसते तुम्ही नाही, ज्यानं वेल्डिंग केलं तो तुमचा भाचाही आत." मामा गप्प झाले. मित्रांनो, चासी नंबरला हात लावायला सांगणारं गिऱ्हाईक आलं, तर कितीही पैसे देत असलं तरी त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता सरळ रस्ता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. बदल म्हणजे काय, हेही तिथेच लिहिलंय: ज्यामुळे गाडीचं मूळ स्वरूप बदलतं असा तिच्या रचनेतला फरक. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अगदी कडक अर्थाने लावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-ए मध्ये ही शिक्षा आली: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

याचा अर्थ ट्रकला हौदा बसवताच येत नाही असा नाही. ट्रक कंपनीकडून बहुतेक वेळा नुसती चासी बाहेर पडते आणि बॉडी दुसराच कुणीतरी बांधतो, हे कायद्यालाही माहीत आहे. नव्या चासीच्या नोंदणीसाठी जो फॉर्म २२-ए लागतो, त्याचा दुसरा भाग बॉडी बांधणाऱ्यानेच भरून द्यायचा असतो. ट्रकच्या केबिन आणि बॉडीसाठी एआयएस-०९३ नावाची संहिता आहे. अडचण कुठे येते? आरसी एक सांगते आणि गाडी दुसरंच दिसते, तिथे. नोंदीत बॉडीचा प्रकार असतो, रिकाम्या गाडीचं वजन असतं, लांबी-रुंदी असते. म्हणून गॅस कटर पेटवायच्या आधी आरटीओत जायचं, काय बसवणार आहोत ते मापांसह सांगायचं आणि मंजुरी कागदावर घ्यायची. चासीवर कर्ज असेल तर ज्याचं कर्ज त्याची लेखी संमती आधी. विमा कंपनीलाही कळवायचं. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत चासीची किंमत आणि बॉडीची किंमत वेगवेगळी लिहिलेली असते, एकदा काढून बघा.

आणि उरलेल्या जुन्या चासीचं काय? ती अंगणात गंजत राहिली तरी कागदावर जिवंत असते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, कलम ५५. भंगारवाल्याला नुसती वजनावर विकली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर उद्या तो नंबर कुठे फिरेल याचा भरवसा नाही. २०२१ पासून नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांचे नियम आहेत, तिथून प्रमाणपत्र मिळतं.

चासीचं आरसी आणि नोंदीचा उतारा काढला तेव्हा कळलं की तिच्यावर मूळचा हौदा सोळा फुटांचा होता, उघडा, सात फूट रुंद. रिकाम्या गाडीचं वजन ३,४५० किलो. भरलेल्या गाडीची मर्यादा ७,५०० किलो. मामांचा हौदा सतरा फुटांचा. भाचा म्हणाला, "सर, एका फुटानं काय होतंय?"

टेप, ओळंबा आणि खडू

एका फुटाने काय होतं ते मोजूनच पाहू.

सपाट जागा बघा, चाकांत हवा सारखी भरा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. मग केबिनच्या मागच्या भिंतीपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर. मग चासीच्या दोन लांब चॅनलची बाहेरून बाहेर रुंदी, पुढे एकदा आणि मागे एकदा. हे सगळं जुन्या ट्रकवरही करा आणि नव्या चासीवरही. आम्हाला अर्धा तास लागला.

जुन्या ट्रकचा व्हीलबेस ४,२०० मिलिमीटर, नव्या चासीचा ३,८००. दोन्हीत हौदा पुढच्या ॲक्सलच्या १,००० मिलिमीटर मागे सुरू होणार होता. म्हणजे जुन्या ट्रकवर हौद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या ॲक्सलपर्यंत ३,२०० मिलिमीटर मिळत होते, नव्यावर फक्त २,८००. हौदा सतरा फूट, म्हणजे ५,१८० च्या आसपास. नव्या चासीवर ॲक्सलच्या मागे तो २,३८० मिलिमीटर लोंबणार.

आता नियम: मागच्या ॲक्सलच्या मागे बाहेर येणारा भाग व्हीलबेसच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ३,८०० चे साठ टक्के २,२८०. मामांचा हौदा शंभर मिलिमीटरने, म्हणजे चार बोटं-पाच बोटं बाहेर. फिटनेसला गाडी गेली की तिथेच अडकली असती. आणि ट्रकचं वय आठ वर्षांच्या वर गेलं की फिटनेस दरवर्षी.

पण माझ्या मते हे छोटं दुखणं. मोठं दुखणं डोळ्याला दिसत नाही.

दोन माणसांनी बांबूला हंडा अडकवून खांद्यावर घेतला, तर हंडा ज्याच्या जवळ त्याच्या खांद्यावर जास्त भार. ट्रकचंही अगदी तेच. बांबू म्हणजे चासी, दोन माणसं म्हणजे दोन ॲक्सल, हंडा म्हणजे माल. माल हौदाभर सारखा पसरला असेल तर त्याचा भार हौद्याच्या बरोबर मध्यावर आहे असं धरायचं. पुढच्या ॲक्सलवर किती येईल? मालाचं वजन गुणिले हौद्याचा मध्य मागच्या ॲक्सलच्या किती पुढे आहे ते अंतर, भागिले व्हीलबेस. उरलेलं सगळं मागच्या ॲक्सलवर.

सतरा फुटी हौद्याचा मध्य त्याच्या पुढच्या टोकापासून २,५९० वर. जुन्या ट्रकवर तो मागच्या ॲक्सलच्या ६१० मिलिमीटर पुढे होता. मामा चार टन भरायचे. ४,००० गुणिले ६१० भागिले ४,२०० म्हणजे ५८० किलो पुढे, ३,४२० मागे. नव्या चासीवर तोच मध्य ॲक्सलच्या फक्त २१० मिलिमीटर पुढे येतो. ४,००० गुणिले २१० भागिले ३,८०० म्हणजे पुढे जेमतेम २२०, मागे ३,७८०.

तोच हौदा, तोच माल, आणि मागच्या पाट्यांवर, टायरवर, बेअरिंगवर ३६० किलो जादा. शिवाय पुढची चाकं हलकी. स्टिअरिंग हलकं लागलं की ड्रायव्हर खूश होतो, पण ओल्या रस्त्यावर, उतारावर, ब्रेक मारताना पुढच्या चाकांनी जमीन धरायला त्यांच्यावर वजन लागतं. आणि फाळक्याजवळ दोन पोती जास्त टाकली तर? व्हिडिओ इथे थांबवून मी सगळ्यांना उदाहरण दिलं होतं, इथेही करून बघा: हौद्याचा मध्य ॲक्सलच्या मागे गेला तर उत्तर वजाबाकीत येतं. म्हणजे माल पुढचं टोक वर उचलतो.

मग आम्ही हौद्याचा मागचा एक फूट कापून पाहिला, अर्थात कागदावर. सोळा फूट म्हणजे ४,८७७. मागे लोंबणारा भाग २,०७७, नियमात. मध्य ॲक्सलच्या ३६० मिलिमीटर पुढे, पुढे ३८० किलो, मागे ३,६२०. जुन्या ट्रकइतकं चांगलं नाही, पण बरं. आणि सोळा फूट म्हणजे नोंदीतला आकडा! चासी बनवणाऱ्याने आणि पहिल्या बॉडीवाल्याने हाच हिशेब आधी करून ठेवला होता. आपण फक्त पाहायची तसदी घेतली नव्हती.

भाचा फळ्याकडे, म्हणजे अंगणातल्या फरशीवरच्या खडूच्या आकड्यांकडे, बराच वेळ बघत बसला.

मग एसटी कसं करते?

मामांनी रास्त प्रश्न विचारला. "अहो सर, एसटीवाले तर बॉड्या बदलतातच की. इथंच चिकलठाण्याला."

खरं आहे. एसटी महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा, आणि तिथे चासीवर बस बांधल्या जातात. जुन्या ॲल्युमिनियम बॉडीच्या लाल परीची बॉडी उतरवून त्याच चासीवर माइल्ड स्टीलची नवी बॉडी बांधण्याचं कामही एसटीने केलंय. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी बंद झाले तेव्हा जुन्या बसच्या सीट काढून, खिडक्या बंद करून त्यांचे मालट्रक केले. त्या मालवाहतुकीला पुढे 'महाकार्गो' नाव मिळालं.

पण दिशा बघा. एसटी ज्या चासीत जीव आहे ती ठेवते आणि तिच्या मापाची बॉडी तिच्यावर बांधते. एका चासीची झिजलेली बॉडी उचलून दुसऱ्या कंपनीच्या चासीवर ठेवत नाही. शर्ट माणसाच्या मापाने शिवतात. दुसऱ्याचा शर्ट अंगात जातो, पण बटण ताणतं. आणि एसटीकडे ड्रॉइंग आहे, इंजिनिअर आहे, तपासणी आहे, एकाच मापाच्या खूप गाड्या आहेत. एक साचा बनवला की तो परत परत वापरता येतो. अंगणात येणारी प्रत्येक गाडी मात्र वेगळी असते. धंद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, त्याच्याकडे परत येतो.

दुसरं उदाहरण हमखास पुढे येतं ते सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांचं. भंगारातून त्यांनी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. कौतुक करतानाच महिंद्रांनी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. लोहारांच्या हाताला सलाम. पण त्यांनी ती गाडी घरासाठी बनवली होती, दुसऱ्याकडून पैसे घेऊन नाही. तुम्ही बोर्ड लावला की गोष्ट बदलते.

सांधा

हौदा चासीवर नुसता ठेवत नाहीत आणि वेल्डिंगने चिकटवतही नाहीत. इथे आमच्या मुलाने मान खाली घातली, कारण त्याचा बेत "चार-सहा ठिकाणी टाके मारतो" असाच होता.

चासी चालताना पिळवटते. खड्ड्यात एक चाक गेलं की पूर्ण सांगाडा किंचित वळतो आणि परत येतो, दिवसातून हजारो वेळा. ती वळावी म्हणूनच तशी बनवलेली असते. तिच्या चॅनलवर वेल्डिंग केलं की उष्णतेने त्या जागचं पोलाद बदलतं, शेजारी कडक आणि मऊ असे पट्टे तयार होतात आणि भेग तिथूनच सुरू होते. आज नाही, सहा महिन्यांनी, माल भरलेला असताना. चॅनलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोकही पाडायचं नाही, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. गरज पडली तर उभ्या बाजूला, आणि शक्यतो कंपनीने दिलेल्या भोकांतूनच.

मध्ये लागते सबफ्रेम: चासीच्या लांबीची दोन चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे. सबफ्रेम आणि चासी यांच्यामध्ये कठीण लाकडाची सलग पट्टी किंवा रबर, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही आणि भार सगळीकडे पसरतो. सायलेन्सरजवळ लाकूड नको, आग लागते. सबफ्रेमचं पुढचं टोक एकदम तुटकं न ठेवता तिरकं कापून निमुळतं करायचं, नाहीतर त्याच्या कोपऱ्याखाली चासी मोडते. पुढच्या बाजूची पकड थोडी लवचीक, मागची घट्ट. यू-बोल्ट आवळताना चॅनलच्या पोटात ठोकळा घालायचा, नाहीतर नट घट्ट होता होता चॅनलचीच पट्टी वाकते. ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप, वायरिंग यू-बोल्टखाली दबले नाहीत ना, हे हात घालून बघायचं. नुसतं वरून दिसत नाही.

इथे आमच्या टेपने दुसरा धक्का दिला. जुन्या चासीची रुंदी ८५० मिलिमीटर, नवीची ८००. म्हणजे हौद्याखालची जुनी चॅनल दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर बाहेर पडणार. चासीच्या उभ्या बाजूवर बसायच्या ऐवजी काठावर. मुलगा म्हणाला, "पाचर मारतो." पाचर मारून गेटचा बिजागर नीट होतो, ट्रक नाही. सबफ्रेम नवीच करायला लागणार.

चासी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर आणखी काळजी. सायलेन्सरची मोठी पेटी, सेन्सर, काहींत युरियाची टाकी असते. ती जागची हलवायची नाही, आणि जुन्या काळच्या हौद्याखाली तिला जागाच ठेवलेली नसते. हौद्याच्या भागावर वेल्डिंग करतानाही बॅटरीच्या तारा काढायच्या आणि अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावायचं. नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा गाडीच्या कॉम्प्युटरमधून वाट काढतो.

आणि अंगण. एक हजार किलोचा हौदा झाडाला बांधलेल्या चेन कुप्पीवर उचलायचा विचार सोडून द्या. हायड्रा बोलवा, हौदा पक्क्या घोड्यांवर ठेवा, आणि तो हवेत असताना त्याच्याखाली कुणीही नको, पोरंटोरं तर अंगणातच नकोत. डिझेलची टाकी शेजारी असताना गॅस कटर नको. हे वाचायला साधं वाटतं, पण घरच्या कामात आपण घरच्यासारखे बेफिकीर होतो.

वजनकाट्याची पावती

नुसती चासी आणि केबिन काट्यावर नेली: २,६०० किलो. म्हणजे तिचा मूळ हौदा ८५० किलोचा होता, कारण आरसीत ३,४५० होतं. मामांचा हौदा किती? तो अजून जुन्या ट्रकवरच होता, म्हणून मुलाला बसवून हिशेब करायला लावला. पोलादाचा एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, फॅब्रिकेशनच्या प्रत्येक कोटेशनमध्ये लागतं. सगळं मोजून हौदा १,१५० किलोच्या आसपास आला.

एवढा का? मामांनी सांगितलं, तळाचा पत्रा काही ठिकाणी सडला तेव्हा त्याच्यावर पूर्ण लांबीचा तीन मिलिमीटरचा दुसरा पत्रा टाकला होता. सतरा बाय सात फूट म्हणजे अकरा चौरस मीटर, २६० किलो. मामा इतकी वर्षं प्रत्येक फेरीला २६० किलो लोखंड फुकट फिरवत होते!

असाच हौदा चढवला असता तर रिकामी गाडी ३,७५० आणि माल भरायला उरले ३,७५०. मामा भरणार चार टन. म्हणजे पहिल्याच दिवशी ओव्हरलोड, आणि त्याला कायद्यात वीस हजार रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनाला दोन हजार. वरचा पत्रा काढला, सडलेल्या जागी तेवढाच तुकडा बदलला, मागचा एक फूट कमी केला, तर हौदा ८४० च्या आसपास येतो. माल बसतो ४,०६०. कांद्याची पन्नास किलोची सहा पोती प्रत्येक फेरीला जास्त, तीही नियमात राहून.

मामा इथे पहिल्यांदा हसले.

वहीतला खर्च

आता धंद्याचा मुद्दा. मुलाने पन्नास हजारांचा आकडा असा काढला होता: रॉड-गॅस ६,०००, यू-बोल्ट ४,०००, लाकूड ३,०००, रंग ८,०००, हायड्रा ५,०००. झाले २६,०००, वरचे २४,००० आपली मजुरी, आठ दिवसांत. ऐकायला झकास.

मोजमाप झाल्यावर तीच वही परत लिहिली. नवी सबफ्रेम, १८० किलो लोखंड, सत्तर रुपयांनी १२,६००. हायड्रा दोनदा, उतरवायला आणि चढवायला, १०,०००. रॉड-गॅस ९,०००, कारण कापाकापी वाढली. यू-बोल्ट, लाकूड, रंग तेच, १५,०००. आठ दिवस नाहीत, बावीस. हेल्परचे रोजचे सहाशे, १३,२००. बेरीज ५९,८००. म्हणजे स्वतः बावीस दिवस राबून मामांकडून पन्नास हजार घ्यायचे आणि खिशातून जवळजवळ दहा हजार घालायचे. पाटल्या आणखी लांब गेल्या. (हे दर त्याच्या वहीतले आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. पद्धत बघा.)

यात दोन गोष्टी तर धरल्याच नव्हत्या. एक, गाडी बावीस दिवस उभी, मामांचा धंदा बंद. गिऱ्हाईक नात्यातलं असलं तरी तो राग कामावर निघतो. दोन, अंगणातलं मशीन घरगुती मीटरवर. पैसे घेऊन वेल्डिंग करायचं आणि मीटर घरचं वापरायचं, हा वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि तसा ठरला तर बिलाची आकारणी दुप्पट दराने होते. माझे कितीतरी विद्यार्थी उद्यम नोंदणी करतात (ती फुकट आहे, कराच), बोर्ड रंगवतात, आणि मीटरचं नावच काढत नाहीत.

आणि मघाचा एसटीचा मुद्दा इथे येतो. प्रत्येक गाडीचं माप वेगळं, प्रत्येकीला आरटीओची वेगळी फेरी, चूक झाली तर माणसाच्या जिवाशी गाठ. असं काम दर वेळी नव्याने शिकावं लागतं आणि शिकण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. अंगणात एकट्या माणसाने यावर दुकान उभं करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मुलाला ते त्या दिवशी आवडलं नाही. तो म्हणाला, "म्हणजे सर, मी गेटच बनवत बसू?"

मी त्याला मामांच्या जुन्या ट्रकभोवती एक चक्कर मारायला लावली आणि जे मोडलंय ते लिहायला सांगितलं. सडलेला तळ. फाळक्याचे झिजलेले बिजागर. साखळीची तुटकी कडी. मागून गाडी खाली घुसू नये म्हणून असतो तो वाकलेला आडवा दांडा. निघालेल्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या. यातल्या एकाही कामाने गाडीचं माप बदलत नाही, मूळ स्वरूप बदलत नाही. जसं होतं तसं करून द्यायचं. बहुतेक कामं एका दिवसात उरकतात, गाडी संध्याकाळी परत रस्त्यावर. आणि प्रत्येक जुन्या ट्रकला फिटनेसच्या आधी यातलं काही ना काही लागतंच. पैठण रोडवर अशा गाड्यांना तोटा नाही.

मामांनी शेवटी असं केलं. मापं, वजनाची पावती आणि आरसी घेऊन आधी आरटीओत गेले. चासीचं काम कागदपत्रं देणाऱ्या एका बॉडीवाल्याकडे दिलं, पण सबफ्रेम आणि हौद्याच्या तळाचं काम भाच्यानेच मजुरीवर त्याच्या शेडमध्ये केलं. बारा दिवस, ठरलेल्या रोजाने, लोखंड बॉडीवाल्याचं. तिथे त्याने सबफ्रेमचं टोक तिरकं कसं कापतात आणि यू-बोल्टमध्ये ठोकळा कसा बसवतात ते स्वतःच्या हाताने शिकलं, आणि शिकण्याचे पैसे मिळाले, द्यावे लागले नाहीत. जुन्या चासीची नोंदणी रद्द करायचा अर्ज मामांनी त्याच फेरीत दिला.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या शेवटच्या तीन ऑर्डर घ्या. प्रत्येकीचे ठरवलेले दिवस आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारी-शेजारी लिहा, आणि स्वतःचा रोज खर्चात धरून नफा परत काढा. पुढच्या व्हिडिओत या मुलाने फाळका आणि तळाच्या दुरुस्तीसाठी बनवलेलं एक पानी कोटेशन दाखवणार आहे. त्यात 'आतला पत्रा उघडल्यावर जादा काम निघालं तर' या ओळीवर आम्ही दोघं पाऊण तास भांडलो होतो, ते भांडणही सांगतो.